खोटा ‘पास’

2019 चा ऑगस्ट. पंचगंगा आणि कृष्णा दोघी फुगल्या, तसं कुरुंदवाड सोडून आम्ही जयसिंगपूरला मावशीकडं आलो. दिवसभर फोन, बातम्या आणि मोठ्यांची कुजबुज. धाकटा भाऊ सात वर्षांचा. ‘आपल्या घरात पाणी आलं का?’ असं तो विचारायचा आणि सगळे विषय बदलायचे.

शेवटी आजीनं पत्त्यांचा कॅट काढला. बदाम सात!

नियम तुम्हाला ठाऊकच आहे. लागणारं पान हातात असेल तर टाकायचंच. नसेल तरच ‘पास’. डाव रंगला आणि अचानक अडकला. सगळ्यांकडं नुसती इस्पिकची पानं उरलेली, पण सत्ती काही पडेना. ती निघाली धाकट्याच्या हातात! पठ्ठ्या मघापासून खोटा पास देत होता.

‘लहान आहे, सोडा’ असं आई म्हणाली. आजी मात्र ठाम. ‘खेळायला बसला ना? मग नियम सगळ्यांना सारखा.’

धाकटा फुरंगटून म्हणाला, ‘मग तुम्ही घराचं विचारल्यावर पास का देताय?’

खोली चिडीचूप. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, ‘तळमजला पाण्यात आहे रे. पण आपण सगळे इथं आहोत.’

तो थोडा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, ‘पिसा की आता.’

पोरांना मुद्दाम जिंकू देणं सोपं असतं. त्यांच्याशी खरं खेळायचं, तर खरं बोलावंही लागतं. सुट्टीत घरी गेलात की कॅट काढा. आणि हो, खोटा पास नको!