विमानाची खिडकी आणि डोळ्याचे भिंग

विमानाच्या खिडकीला आपण काच म्हणतो. पण प्रवाशाशेजारच्या त्या खिडकीत बहुधा काच नसतेच. तेथे असते अ‍ॅक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. विमान बांधणाऱ्यांनी काच सोडून ह्या प्लॅस्टिकची कास का धरली, ते आपण पाहू.

पहिले कारण वजन. तेवढ्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याहूनही कमी भार अ‍ॅक्रिलिकचा. आणि प्रकाश मात्र सुमारे 92 टक्के आरपार जातो. शिवाय ते तापवले की मऊ होते व त्याला हवा तसा बाक देता येतो. 1930 नंतरच्या दशकात ते जर्मनीत प्लेक्सिग्लास व इंग्लंडात पर्स्पेक्स ह्या नावांनी बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या वैमानिकावर ह्याच पर्स्पेक्सचे छत्र होते.

दुसरे कारण सुरक्षितता. 35,000 फुटांवर बाहेरची हवा विरळ. आत मात्र श्वास घेण्याजोगा दाब राखलेला. ह्या फरकामुळे खिडकीच्या दर चौरस इंचावर सुमारे 8 पौंड जोर पडतो. खिडकी 10 इंच रुंद व 14 इंच उंच धरली, तर एकूण जोर झाला 1,120 पौंड! तो पेलावा म्हणून अ‍ॅक्रिलिकचा तक्ता तापवून चोहोबाजूंनी ताणतात. मग त्यात चीर सहसा पसरत नाही. तरीही एकट्यावर भिस्त नाही. सामान्यतः तीन तावदाने असतात. मधल्याला बारीक छिद्र असते. त्यातून हवा पलीकडे जाते आणि भार बाहेरच्या तावदानावर पडतो. ते तडकलेच, तर मधले तो भार उचलते. आतले तावदान ह्या दोघांना प्रवाशांच्या हातांपासून जपते. कारण अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर उठतात.

ह्या प्लॅस्टिकचा सर्वांत मोठा उपकार मात्र जमिनीवरच घडला. युद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे कण रुतून बसत. डोळा त्यांना निमूटपणे सोसतो, हे इंग्रज नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली ह्यांनी हेरले. 1949 च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात पर्स्पेक्सचे भिंग बसवले. समव्यवसायी वैद्यांनी त्यांना पुष्कळ विरोध केला. पण पुढे जगाने तीच वाट धरली. आज आपल्या घरातील आजीआजोबा मोतीबिंदूनंतर पुन्हा वर्तमानपत्र वाचतात, त्याचे मूळ ह्या निरीक्षणात आहे. डोळ्यात गेलेले कुसळ सर्वांनाच दिसते. त्यात भिंग पाहणारा विरळा, असे आम्हांस वाटते.