गोष्टीला हुंकार

जपानमधल्या मात्सुएतली आमची पहिली सकाळ उजाडते ती शिंजी सरोवराच्या काठावर. पाण्यावर धुकं आहे आणि धुक्यात लहान लहान होड्या. बहुतेक होड्यांत एकटाच माणूस उभा, हातात लांबलचक दांडा. दांड्याच्या टोकाला लोखंडी दातांची टोपली. तिला इथे जोरेन म्हणतात. ती तळाला टेकवून वाळू खरवडायची, मग सगळं अंग मागे झोकून वर खेचायची. टोपली पाण्यात खळबळून घेतली की वाळू आणि बारकी पिल्लं पुन्हा तळाशी जातात. उरतात त्या काळ्याभोर, नखाएवढ्या शिंपल्या. शिजिमी.

"अगं, या तर तुमच्या तिसऱ्या," हे म्हणतात आणि खिशातली वही काढतात.

तिसऱ्या नव्हेत, पण गोत जवळचं आहे. ओहाशी नदी या सरोवराला नाकाउमीशी जोडते आणि नाकाउमी समुद्राला. त्या वाटेने खारं पाणी आत येतं, म्हणून इथलं पाणी ना धड गोडं, ना धड खारं. शिजिमीला असंच पाणी मानवतं. माझं माहेर आचऱ्याचं. खाडीचा हा वास मी डोळे मिटूनही ओळखेन.

दिवसाचं माप ठरलेलं असतं. वेळ संपली की होड्या काठाकडे वळतात. जवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक आजी शिजिमी निवडत बसल्या आहेत. ओंजळीतून थोड्या थोड्या फळीवर सोडतात. टणटण वाजतात त्या जिवंत. मध्येच एखादी बद्द वाजते आणि आजी तेवढी नेमकी उचलून बाजूला टाकतात. नजर सरोवरावर, काम सगळं कानांचं. माझी आजी दोन तिसऱ्या एकमेकींवर वाजवून अशीच ऐकायची. "रिकामी गो ही," म्हणायची आणि भिरकावून द्यायची.

तासाभराने अशाच शिजिमी आमच्या पुढ्यात येतात. आम्ही उतरलोय ते जुन्या वळणाचं घरगुती रयोकान आहे. मालकीणबाई गुडघ्यांवर बसून लाकडी वाटीचं झाकण काढतात. मिसोच्या सारात उघडलेल्या शिंपल्या. वाटण नाही, तिखट नाही, कोकम नाही. पहिल्या घोटात खाडी, मागून आंबवलेल्या सोयाबीनचा खमंग खारटपणा. एवढंसं मांस काड्यांनी टिपायला वेळ लागतो, त्यामुळे न्याहारी आपोआप निवांत होते. शेजारी गरम भात आहे. माझं पोट आणि मन एकदमच भरून येतं.

मात्सुएच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी पाइनची म्हातारी झाडं पाण्यावर वाकली आहेत. या रस्त्याचं नाव शिओमी नावाते. इथल्या एका जुन्या सामुराई घरात आम्ही बूट काढून शिरतो. लाफ्काडिओ हर्न 1891 साली काही महिने इथे राहत होता. ग्रीसमध्ये जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला हा लेखक 1890 मध्ये इंग्रजी शिकवायला मात्सुएला आला. डावा डोळा गेलेला, उजवा अधू. खोलीत त्याच्या मेजासारखं एक मेज ठेवलंय, चांगलंच उंच, कारण कागद डोळ्यांशी आल्याशिवाय त्याला दिसत नसे. आम्ही तातामीवर बसतो. तिन्ही बाजूंनी बाग दिसते. दगड, शेवाळ, छोटं तळं. कोणी बोलत नाही.

मी इथे आले ती खरं तर सेत्सुसाठी. मात्सुएतल्या, दिवस फिरलेल्या सामुराई घराण्यातली ही मुलगी हर्नची बायको झाली. पुढे त्याने जपानी नागरिकत्व घेतलं, तेव्हा कोइझुमी हे तिच्या घरचं नाव लावलं. जपानी पुस्तकं त्याला वाचता येत नसत. ती जुन्या गोष्टी शोधून वाचायची आणि रात्री दिवा बारीक करून त्याला सांगायची. हातात पुस्तक घेतलेलं त्याला चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, हा त्याचा हट्ट. दोघांची मिळून एक मोडकीतोडकी जपानी तयार झाली होती. घरात तिला नावच पडलं, 'हेरुन-सान कोतोबा', हर्नसाहेबांची बोली. 1904 मध्ये आलेल्या 'क्वायदान' या पुस्तकातल्या भुताखेतांच्या कथांमागे सेत्सुचा हा आवाज आहे. जग त्या हर्नच्या नावाने वाचतं. या खोलीत बसून मला तिचंच नाव आधी घ्यावंसं वाटतं.

माझी आजीसुद्धा दिवा बारीक करायची. देवचार, गिऱ्हा, चकवा, सगळे आमच्या ओटीवर येऊन जायचे. तिची अट एकच. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

दुपारी सोबा. लाल लाखेचे तीन गोल डबे एकावर एक. त्यांना वारिगो म्हणतात. शेवया काळपट, कारण बकव्हीट सालासकट दळलेलं असतं. पहिल्या डब्यात कांद्याची पात, किसलेला मुळा घालायचा आणि वरून रस्सा ओतायचा. तो डबा संपला की उरलेला रस्सा दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. काही वाया जात नाही. शेवटी शेवया उकळलेलं दाटसर गरम पाणी येतं. पेजेसारखं ते आम्ही फुंकून फुंकून पितो.

दाइओजी देवळामागच्या दफनभूमीत ऊन तिरपं झालंय. हे माहितीपत्रक उघडतात. मी त्यावर हात ठेवते. "मी सांगते."

"एक बाई रोज रात्री दुकानात यायची. पांढरंफटक तोंड, अंगावर पांढरं लुगडं. एका पैशाचं मिझुआमे घ्यायची."

"म्हणजे?"

"पाक. मधासारखा चिकट. दूध नसलेल्या बाळाला चाटवायचे पूर्वी."

"हं."

"एके रात्री माणसं तिच्या मागोमाग गेली. ती आली ती इथे. एका थडग्याशी नाहीशी झाली. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं."

हे हुंकार द्यायचं विसरतात. माझाही आवाज लागत नाही. थडगं उघडलं तेव्हा आई गेलेली, बाळ जिवंत आणि शेजारी पाकाची वाटी. एवढं आम्ही न बोलताच पुरं करतो.

मेइमेइ-आन या टेकडीवरच्या चहाघरातून किल्ला दिसतो. 1611 चा, काळ्या लाकडाचा. हे चहाघर सातवा सरदार मात्सुदाइरा फुमाई याने 1779 मध्ये बांधवलं. चहा म्हणजे त्याचा जीव की प्राण होता. हिरव्या, कडसर माचाबरोबर वाकाकुसा मिळतं. मऊ तांदळाची वडी, वर हिरवा भुगा. आधी गोड, मग चहा. कडूपणा त्या गोडाला अलगद पुसतो. वाकाकुसाचा हिरवा भुगा यांच्या वहीवर सांडतो. वही आता बंदच आहे.

संध्याकाळी पुन्हा सरोवर. पश्चिमेला आकाश शेंदरी. समोर योमेगाशिमा, वधूचं बेट. मूठभर जमीन, तिच्यावर पाइनची झाडं.

"हिची काय गोष्ट?" हे विचारतात. पत्रक खिशातच आहे.

"एक होती सासुरवाशीण. सासूचा जाच सोसवेना. हिवाळ्यात सरोवर गोठलं, तशी ती बर्फावरून माहेरी निघाली."

"हं."

"अर्ध्या वाटेत बर्फ तडकलं."

"हं."

पत्रकात पुढे आहे ते एवढंच की ती बुडाली आणि तिच्या देहासकट हे बेट वर आलं. मी सूर्याकडे पाहते. तो झाडांच्या मागे उतरतोय. आजी असती तर इथे थांबली नसती.

"सरोवर म्हणालं, बाये, आता पुढं जाऊ नको आणि मागंही जाऊ नको. तुझं माहेर हेच."

पाणी काळं होत जातं. बेटाची नुसती कड उरते. बराच वेळ काही ऐकू येत नाही.

मग शेजारून, अगदी हळू, "हं."