शेतातील बिनतारी संवेदक : विजेची मिळकत व खर्च

द्राक्षबागेत, डाळिंबाच्या मळ्यात व हरितगृहात अलीकडे लहान खांबांवर बसविलेली यंत्रे दिसू लागली आहेत. जमिनीतील ओल, हवेचे तापमान, पानांवर टिकणारा ओलावा यांची नोंद ही यंत्रे घेतात आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती शेतकऱ्याच्या फोनवर पाठवितात. त्यांना बिनतारी संवेदक म्हणतात. त्यांना विजेची तार नसते. माथ्यावरील सौरपट्टी दिवसा वीज तयार करते व ती बॅटरीत साठते.

यातील अडचण ध्यानात घेतली पाहिजे. नाशिक भागात ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला कोवळी फूट असते. अशा वेळी पाऊस पडला व आभाळ दाटून राहिले की केवडा रोगाला अनुकूल हवा मिळते. फवारणी केव्हा करावी हे ठरविण्यास नोंदीची खरी गरज तेव्हाच असते. आणि सूर्यप्रकाशाअभावी यंत्राची मिळकत घटते तीही तेव्हाच.

खर्च कोठे होतो ?

एका नमुन्याच्या यंत्राचा हिशेब पाहू. मोबाइलच्या बॅटरीवर तिची क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापलेली असते. तेच माप येथे घेतले आहे. दर पंधरा मिनिटांनी मोजणी केली तर दिवसाच्या ९६ मोजण्यांना मिळून सुमारे दीड एकक पुरते. मधल्या वेळी यंत्र निद्रिस्त असते. त्यास दिवसभरात सुमारे अडीच एकक लागतात. परंतु मोबाइलच्या जाळ्याशी संपर्क साधून नोंद पाठविण्यास, २०० मिलिअँपिअर प्रवाह ३० सेकंद धरला, तर एका खेपेस १.६७ एकक खर्ची पडतात. म्हणजे दिवसभराच्या सर्व मोजण्यांना लागते त्याहून अधिक वीज एका खेपेस जाते.

दर पंधरा मिनिटांनी नोंद पाठविल्यास दिवसाचा एकूण खर्च १६४ एकक होतो. तासाला एकदा पाठविल्यास ४४, आणि चार तासांनी पाठविल्यास १४. बॅटरीत १२०० एकक वापरण्याजोगे असून ऊन मुळीच मिळाले नाही, तर पहिल्या रीतीने यंत्र सात दिवस, दुसरीने सत्तावीस दिवस आणि तिसरीने सुमारे पंच्याऐंशी दिवस चालेल. म्हणून मोजावे वारंवार, पाठवावे बेताने. मधल्या नोंदी यंत्राने साठवून एकाच खेपेस पाठवाव्यात.

मिळकतीप्रमाणे खर्च

अमन कन्सल, मणी श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाचे मूलतत्त्व मांडले आहे. यंत्राने दीर्घ मुदतीत मिळकतीपेक्षा अधिक खर्च करू नये. पुढे किती ऊन मिळेल याचा अंदाज घेऊन आपले काम कमी-अधिक करावे, असे ते तत्त्व आहे. शेतकरी विहिरीचे पाणी पाहून पाळ्या ठरवितो, त्यातलाच हा प्रकार होय.

यंत्र बसवून घेताना पुढील नियम त्यात घालून घ्यावेत :

१. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असता तासाला एकदा नोंद पाठवावी.

२. ती निम्म्याखाली गेल्यास चार तासांनी, व चतुर्थांशाखाली गेल्यास दिवसातून एकदा पाठवावी.

३. पाने सतत काही तास ओली राहिल्यास मात्र वेळेची वाट न पाहता सूचना ताबडतोब पाठवावी. काटकसर इतर नोंदींत करावी, या सूचनेत करू नये.

४. लिथियम बॅटरी पार रिकामी झाल्यास खराब होते. म्हणून ठराविक मर्यादेखाली प्रक्षेपण आपोआप थांबावे.

मिळकत राखण्याचे उपाय

सौरपट्टीचे तोंड दक्षिणेस असावे. नाशिकच्या अक्षांशास अनुसरून तिचा उतार सुमारे २० अंश ठेवावा. वेलीची फूट वाढून पट्टीवर सावली येते. थोड्या भागावरील सावलीनेही उत्पादन बरेच घटते, म्हणून खांब मांडवापेक्षा उंच ठेवावा. धूळ, पक्ष्यांची विष्ठा व बोर्डो मिश्रणाचा वाळलेला थर ओल्या मऊ फडक्याने पुसावा. प्रत्येक फवारणीनंतर पट्टी अवश्य पाहावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी व ऑक्टोबर छाटणीपूर्वी आपल्या गावातील यंत्रांची सौरपट्टी, बॅटरी व पाठवणीची वेळ या तीन गोष्टी तपासाव्यात. एवढी दक्षता घेतल्यास आभाळ भरून आलेल्या आठवड्यातही यंत्र बंद पडणार नाही, आणि फवारणीचा निर्णय केवळ अंदाजावर घेण्याची पाळी शेतकऱ्यावर येणार नाही.