बुडख्यातला साठा

जुलैत भोपाळच्या कुठल्याही जुन्या वसाहतीत कुंपणाशेजारी नजर टाकली, तर उन्हाळ्यात कापलेल्या सुबाभळीच्या बुडख्यावर हातभर धुमारे डोलताना दिसतात. मालक माळ्यावर चिडतो. पण माळ्याने कापलं ते खोड. झाडाची शिदोरी जमिनीखालीच राहिली.

पानांनी तयार केलेली साखर मुळांत आणि बुंध्यात स्टार्च म्हणून साठते. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक सालीखालच्या सुप्त डोळ्यांना दाबून ठेवतं. खोड तोडलं की हा दाब जातो, डोळे फुटतात आणि स्टार्चची पुन्हा साखर होऊन कोंबांना मिळते. सुबाभळीला तर याच गुणासाठी मान मिळाला. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही वनस्पती मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने उरुळीकांचनहून चारा-सरपणासाठी जोमाने पसरवली. कितीही छाटा, पुन्हा फुटते! शेतकऱ्याला ते वरदान होतं. वीस फुटांच्या परसात तीच डोकेदुखी. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज तिचं नाव आहे.

करवत काढण्याआधी महापालिकेची परवानगी काढावी. मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी 2001 चा कायदा आहे आणि झाड आपल्या अंगणात आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

पुढचा खेळ शिदोरी संपवण्याचा. नवी पालवी नुकतीच पूर्ण उमललेली असते तेव्हा साठा सर्वांत कमी असतो. तोडायला ती वेळ बरी. नंतर येणारा प्रत्येक कोंब कोवळा असतानाच मुळापासून ओरबाडायचा, कारण पानं मोठी झाली की ती साठा परत भरू लागतात. औषध लावायचंच तर कापल्यानंतर काही मिनिटांत, आणि तेही सालीलगतच्या जिवंत कड्यावरच. मधलं लाकूड मेलेलंच असतं, त्यावर ओतलेलं वाया. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने 2022 मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, त्यामुळे ते घरी फवारण्याचा विचार सोडावा. मीठ आणि डिझेल बुडख्यापेक्षा मातीचं वाटोळं करतात. तांब्याच्या खिळ्याने झाड मरतं ही तर निव्वळ दंतकथा.

खणून काढायचं तर भोपाळची जमीन दोन तऱ्हांनी अडवते. टेकड्यांवर विंध्य वालुकाश्म आहे. मुळं त्याच्या भेगांत शिरतात आणि पहार ठणकन वाजते. सखल भागातल्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. भिंतीलगतचं मोठं झाड वर्षानुवर्षं पाणी ओढून तिला कोरडी ठेवतं. झाड गेलं की माती हळूहळू ओल धरून वर उठते आणि पायाला उचलते. भिंतीला तडे कधीकधी झाड तोडल्यानंतर काही वर्षांनी दिसतात ते यामुळे. लंडनमध्येही अशीच माती आहे. 1976 च्या दुष्काळात ती आकसली आणि घरांच्या तड्यांचे दावे विमा कंपन्यांवर येऊन कोसळले. तेव्हा घराजवळचं जुनं झाड काढण्याआधी अभियंत्याला विचारणं स्वस्त पडतं.

भिंतीपासून दूर असलेला बुडखा मात्र मी कुजू देईन. लाकडातलं चिवट लिग्निन फोडणारी बुरशी ते काम करते. तिला ओल हवी आणि नत्र हवं, म्हणून वर शेणखत नि माती टाकावी. भुसा मात्र वाफ्यात मिसळू नये. तो कुजताना मातीतलं नत्र खाऊन टाकतो आणि शेजारची रोपं पिवळी पडतात. बुंध्यावर गॅनोडर्माच्या चकचकीत, तांबूस छत्र्या उगवल्या तर बेत बदलावा. ही बुरशी मुळांच्या संपर्कातून शेजारच्या चांगल्या झाडातही शिरू शकते, तेव्हा तो बुडखा मुळांसकट काढलेला बरा.

बुडखा गेला तरी शेंगांतलं बी उरतंच. कवच इतकं टणक की काही बिया मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. पावसाने भुई मऊ झाली की वीतभर रोपं चिमटीत धरून उपटता येतात. दिवाळीपर्यंत थांबलात, तर सोटमूळ खोल गेलेलं असतं आणि पुन्हा कुदळ शोधावी लागते.