डोसा मास्तरची हजेरी

चेन्नईत सकाळी सहाला टिफिनची पहिली इडली ताटात पडते, तेव्हा ती वाफवणारा माणूस कधीचा भट्टीपुढे उभा असतो. अकरापर्यंत टिफिन, मग दुपारचं ‘मील्स’, त्यानंतर दोन-तीन तासांची विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा डोशाचा तवा. हॉटेलवाले याला ब्रेक शिफ्ट म्हणतात. असा तुकड्यातुकड्यांचा दिवस मस्टरवरच्या एका ‘हजर’मध्ये मावत नाही. त्यात दहा-वीस शाखा असल्या, की सप्लायर, म्हणजे वाढपी, आज अड्यारला, उद्या टी. नगरला. महिनाअखेरीस हिशेबनिसाची वही आणि कामगाराची आठवण यांचा मेळ बसत नाही आणि बहुतेक वेळा वहीचंच खरं धरलं जातं.

या दुखण्यावरचं औषध याच शहरात तयार होतं. 1996 साली अ‍ॅडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली आणि 2009 मध्ये झोहो झालेली कंपनी ‘झोहो पीपल’ बनवते. रामको सिस्टिम्स ही चेन्नईचीच कंपनी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर जगभर विकते. कोण कुठल्या शाखेत, किती वाजता आला, रजा किती उरली, उचल किती घेतली, हे सगळं एका जागी नोंदवायचं आणि त्यातूनच पगार काढायचा, हे या सॉफ्टवेअरचं काम.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मात्र त्याची खरी परीक्षा होते. बोटाचा ठसा घेणारं यंत्र कचेरीत बिनबोभाट चालतं. इथे तव्याच्या धगीने आणि भांडी घासण्याच्या साबणाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, हात ओले असतात. डोसा मास्तर, म्हणजे डोसे घालणारा आचारी, लुंगीला हात पुसतो, अंगठा टेकवतो, पुन्हा टेकवतो, आणि यंत्र त्याला ओळखत नाही. वर्षानुवर्षं केलेल्या कामानेच त्याची ओळख पुसलेली असते. म्हणून चेहऱ्यावरून हजेरी घेणारी यंत्रं अशा ठिकाणी जास्त उपयोगी पडतात.

त्या नोंदीवर काय काय अवलंबून असतं, ते पगारचिठ्ठीत दिसतं. सोळा हजार पगाराच्या कामगाराचे ‘ईएसआय’साठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, 0.75 टक्के, म्हणजे 120 रुपये कापले जातात आणि मालक 3.25 टक्के, म्हणजे 520 रुपये भरतो. त्या बळावर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के वेगळे. चेन्नईच्या हॉटेलांत आज बिहार, ओडिशा, आसामकडची कितीतरी मुलं राबतात. पूर्वी हॉटेल बदललं, की निधीचं जुनं खातं मागेच राहून जायचं. 2014 मध्ये आलेल्या ‘यूएएन’ या कायमच्या खाते क्रमांकामुळे ते माणसाबरोबर जाऊ लागलं. पण तो क्रमांक पहिल्याच महिन्यात नीट नोंदवला गेला तरच.

कामगारांची काळजी घेणं या शहराला नवीन नाही. 1981 मध्ये के. के. नगरात सुरू झालेल्या सरवणा भवनने नोकरांना राहायला जागा, औषधोपचार, मुलांच्या शिक्षणाला मदत दिली. मालक पी. राजगोपाल यांना कामगार ‘अण्णाची’, म्हणजे थोरला भाऊ म्हणत. त्याच राजगोपाल यांना पुढे एका खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि 2019 मध्ये ते वारले. एका माणसाच्या मर्जीवर शेकडो संसार टेकलेले असणं किती धोक्याचं, हे त्या हकिकतीतून मला कळतं. मालक भला असो वा नसो, कामाचे तास आणि पैसे कागदावर पक्के हवेत.

सॉफ्टवेअर सगळंच करत नाही. 2021 मध्ये तमिळनाडूने दुकानं आणि आस्थापनांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्याने सक्तीचं केलं. दिवसभर उभ्या माणसाचे पाय किती दुखतात, हे हजेरीच्या कुठल्याच रकान्यात उमटत नव्हतं. त्यासाठी कामगारांना बोलावं लागलं आणि सरकारला ऐकावं लागलं.

म्हणून अशी व्यवस्था बसवणाऱ्या मालकांना माझं एकच सांगणं आहे: ती कामगाराच्या फोनवरही उघडू द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत. दुपारच्या विश्रांतीत, तवा थंड असताना, मास्तरने आपले कालचे तास स्वतः पाहावेत. एखादा तास कमी दिसला, तर तो त्याच दिवशी सांगेल आणि महिनाअखेरीस त्याला आठवणीवर भांडावं लागणार नाही.