उंबराच्या पोटातली गोष्ट

मोबाइल खाली ठेवा, असं मी काही म्हणणार नाही. ते काम तुमची आई सकाळपासून करतेय आणि तिला किती यश आलंय ते आपण बघतोच आहोत. मला फक्त डोळे हवेत, उसने. माझे आता तिथवर पोचत नाहीत. जे बघायचंय ते जेमतेम दोन मिलिमीटरचं आहे आणि ते ओढ्याकाठच्या उंबरावर राहतं. इथं ओसरीवर ते काही येणार नाही.

चपला घाला, वाटेत बाभळी आहेत. ईशा, खणातलं भिंग घे. सोनू, तू काही घेऊ नकोस, तुझे हात मोकळे असलेले बरे. उतारावर लागतील.

हं, हे झाड. बघा, फळं कुठं लागलीत? आंब्यासारखी शेंड्याला नाहीत. थेट खोडाला, जाड फांद्यांना, घोसच्या घोस. आता मला याचं एखादं फूल शोधून द्या.

नाही ना सापडत? तुम्ही दोघं तरी काय, आमच्या घरची उंबराची फुलंच, वर्षातून एकदा दिसता. पण खरं सांगू का, याची फुलं आत्ता तुमच्या नाकासमोर आहेत. तो हिरवा, कडक गोळा तोड आणि मधोमध काप. सावकाश! पांढरा चीक येतोय तो अंगरख्याला लावू नकोस, डाग जायचा नाही. आता भिंग धर. मधे पोकळी दिसतेय? आणि पोकळीच्या चारी बाजूंनी आत तोंड केलेले बारीक बारीक तंतू? ती फुलं. शेकड्यांनी. ज्याला आपण फळ म्हणतो त्यात झाडानं आपली फुलं दडवून ठेवलीत. मोगरा, जास्वंद सगळे उमलून बाहेर बघतात, हा पठ्ठ्या आतल्या आत उमलतो.

ईशा, तुझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला कळला. फुलं बंद, मग पराग आणून कोण टाकणार? मधमाशी आत जाणार कशी?

देठ सोड आणि उंबराचं दुसरं टोक बघ. तिथं बारीक खवले एकावर एक बसलेत ना? ती वाट. एवढ्या वाटेनं जाऊ शकेल असा जगात एकच प्राणी आहे, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली एक इवलीशी काळी माशी. उंबर फोडलं की भुर्रकन उडतात त्यांना लोक चिलटं म्हणतात, पण ती चिलटं नव्हेत. डंख मात्र करत नाहीत, घाबरू नका.

आतली फुलं तयार झाली की झाड एक वास सोडतं. आपल्याला तो जाणवत नाही. तिला मात्र लांबून जाणवतो. येते, टोकावर उतरते आणि खवल्यांमधून घुसायला लागते. जत्रेच्या दिवशी जागा धरायला एसटीच्या खिडकीतून आत घुसतात ना, तसं. पण इथं सदऱ्याच्या गुंडीवर भागत नाही. पंख तुटतात, मिशा मोडतात. हे उंबर टोकापाशी नीट बघ, एखादा पंख अजून खवल्यात अडकलेला दिसेल. दिसला? सोनू, तुला दिसला? मग माझ्या वतीनंही बघून घे.

आता तिला परत यायची वाट नाही आणि पंखही नाहीत. हातात वेळ थोडा. ज्या उंबरातून ती आली तिथून तिनं छातीवरच्या दोन खिशांत पराग भरून आणलेला असतो. हो, खिसेच, खरोखरचे! अंडी घालता घालता ती पायांनी तो पराग काढून फुलांवर घालते. काही फुलांच्या नळ्या आखूड, त्यांत तिची अंडी पोचतात. काहींच्या लांब, तिथं पोचत नाहीत. त्या फुलांचं बी होतं. म्हणजे अर्ध्या घरात माशीचं बाळंतपण, अर्ध्यात झाडाचं. कुणी कुणाला फसवत नाही. माशी तिथंच मरते.

पुढं महिनाभर बाहेरून काही दिसत नाही. उंबर हिरवंच्या हिरवं. आत मात्र अळ्या वाढत असतात, एकेका फुलात एकेक.

मग आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, दिसायला पिवळट, जबडा मात्र दणकट. माद्या अजून आपापल्या फुलात कोंडलेल्या असतात. नर तिथंच त्यांना भोक पाडून गाठतात. एवढं झालं की सगळे नर मिळून भिंत कुरतडायला लागतात आणि बाहेरपर्यंत बोगदा पाडतात. स्वतःसाठी नव्हे बरं का. त्यांना उडताच येत नाही. बोगद्यातून कुणी बाहेर पडलाच तर खाली मुंग्या टपलेल्या. त्यांचं आयुष्य एवढंच.

नेमक्या त्याच वेळी उंबरातली नर फुलं पिकतात. हे वेळापत्रक झाडानं कसं सांभाळलंय याचं मला आजही नवल वाटतं. माद्या बाहेर निघता निघता खिसे परागानं भरून घेतात आणि बोगद्यातून उडून जातात. जायचं कुठं? याच झाडावरच्या दुसऱ्या उंबरात जाऊन उपयोग नाही, कारण एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच पिकतात. तिला दुसरं झाड हवं, जिथं फुलं आत्ता कुठं तयार होताहेत. आणि तिच्याकडे आहेत एक-दोन दिवस. तेवढंच आयुष्य. वाऱ्यावर बसून जाते बिचारी, मैलोन् मैल.

म्हणून ओढ्याकाठचं एक उंबर तोडलं की नुकसान एकाच झाडाचं होत नाही. या माशीच्या दोन मुक्कामांमधलं अंतर वाढतं. नशीब की दत्ताचं झाड म्हणून लोक याला हात लावायला कचरतात. नाहीतर रस्तारुंदीत कधीच गेलं असतं.

आता गोष्टीतला चोर. हे बघ, या उंबरावर बाहेरच बसलीय ती. हिला शेपटीसारखं काहीतरी लांब आहे ना? ही आत जातच नाही. बाहेर बसून केसाहून बारीक सुईनं कच्च्या उंबराला भोक पाडते आणि आतल्या अळ्यांवर आपली अंडी घालते. ना पराग आणला, ना पंख गमावले. बरं, कच्चं उंबर किती कडक असतं ते तू आत्ता कापताना पाहिलंस. मग ती सुई वाकत का नाही, मोडत का नाही? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी हे शोधलं, २०१४ साली ते छापून आलं. सुईच्या टोकाला बारीक दाते असतात आणि त्या टोकात जस्त असतं. धातू! माशीच्या अंगात धातूचं गिरमिट. हे मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

चोरांवर पहारा असतो मुंग्यांचा. पानं शिवून घर करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या, कोकणात ज्यांना हुमले म्हणतात, उंबरांवर फिरतात आणि बाहेर बसून भोकं पाडणाऱ्या माश्यांना हुसकतात, पकडतात. आत गेलेली सुरक्षित, बाहेर रेंगाळणारी संकटात. सोनू, बोट लावू नकोस... चावली ना? चोळ, जाईल.

हे सगळं कुठं तरी आफ्रिकेच्या जंगलात चाललंय असं नाही. वड, पिंपळ, पायर, सगळी याच घराण्यातली. जगात अशी साडेसातशेच्या वर झाडं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाची माशी वेगळी. वडाची माशी उंबरात शिरत नाही. हा संसार सात कोटी वर्षांहून जुना असावा, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. म्हणजे डायनासोर अजून हिंडत होते तेव्हापासूनचा. तुमच्या त्या सिनेमात डायनासोर दाखवतात, माशी नाही दाखवत.

या माशीला विसरणं माणसालाही एकदा महागात पडलं होतं. १८८० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनी तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून नामांकित अंजिराची रोपं नेली. झाडं वाढली झकास. पण अंजीर सुपारीएवढं झालं की गळून पडायचं. दरवर्षी तेच. स्मर्नाकडचे शेतकरी जंगली अंजिराची फळं बागेत टांगून ठेवत. अमेरिकेत पुष्कळांना ती अडाण्यांची समजूत वाटली. शेवटी तिकडून माशीच आणावी लागली. १८९९ साली ती फ्रेस्नोत रुजली आणि मग अंजीर पिकलं.

हो, तो प्रश्न येणारच होता. आपल्या पुरंदरच्या अंजिरात किडे नसतात, निर्धास्त खा. ती जात माशीशिवाय, परागाशिवायच फळते. उंबर मात्र फोडून, झटकून, फुंकर मारून खायचं, आम्ही सगळे तसंच खात आलो. आणि एखादी राहिलीच तर काय मोठं?

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो, ईशा, तुझ्या चष्म्याचा नंबर यंदा पुन्हा वाढला म्हणून. घरात दिवे लावूनही जो उजेड असतो त्याच्या कितीतरी पट उजेड इथं झाडाच्या सावलीतसुद्धा आहे, आणि वाढत्या वयातल्या डोळ्यांना तो लागतो. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायला सुरुवात केली. लांबचं न दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथं वर्षानुवर्षं वाढत होतं, ते पुढच्या काही वर्षांत उतरायला लागलं. नुसतं अंगणात उभं राहिलात तरी चालतं म्हणे. पण नुसतं उभं कोण राहतं?

तर काम ऐका. या झाडावरची उंबरं आत्ता कुठल्या टप्प्यात आहेत ते तुम्ही पाहिलंत: फुलं तयार, माश्या आत शिरताहेत. म्हणजे त्या आल्या कुठून तरी. जवळपास कुठं तरी असं एक उंबर आहे ज्याच्या फळांना बोगदे पडलेत, ती मऊ आणि लाल व्हायला लागलीत, आणि तांबट, हरियाल, वटवाघळं तिथं जेवायला जमत असतील. ते शोधा. ओढ्याच्या काठानं वर जा, उंबराला पाण्याची जवळीक आवडते. खाली सडा पडलेला दिसेल, आंबूस वास येईल. पक्ष्यांचा गलका तर लांबूनच ऐकू येईल. तांबटाचा आवाज ओळखता ना? टुक्, टुक्, टुक्, थांबतच नाही. भेटलेल्या प्रत्येक उंबराची नोंद करा: कच्चं, माश्या शिरताहेत, बोगदे, पिकलेलं. महिन्याभरानं हीच झाडं पुन्हा बघायची, म्हणजे कोणाची पाळी कोणानंतर येते ते कळेल. सुट्टी संपेल तोवर. मग उरलेलं मी बघून फोनवर सांगीन. नाही, मी नाही बघू शकत. शेजारच्या पोरांना भिंग देऊन ठेवा.

अरे, पळताय कुठं, ऐका तरी! पुलावरून जा, पाण्यातून नको, शेवाळ आहे. आणि पिकलेलं झाड सापडलं तर चार उंबरं आजीला आणा. खालची नको, झाडावरची!