टेस्टोस्टेरॉन आणि पुरुषांचे हृदय

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे प्रमुख लैंगिक संप्रेरक वृषणांत तयार होते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्याच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवते. लैंगिक इच्छा, शुक्रजंतूंची निर्मिती, स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि तांबड्या रक्तपेशी यांसाठी ते आवश्यक असते. तिशी-चाळिशीनंतर रक्तातील त्याची पातळी दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते.

ही पातळी कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकार अधिक आढळतो. मात्र तेवढ्यावरून एकामुळे दुसरे होते, असे सिद्ध होत नाही. लठ्ठपणा, मधुमेह, दीर्घकाळचे आजार आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांमुळे टेस्टोस्टेरॉन कमी होते, आणि हीच दुखणी हृदयालाही घातक ठरतात. त्यामुळे घटलेली पातळी ही पुष्कळदा बिघडलेल्या प्रकृतीची खूण असते.

मग हे संप्रेरक बाहेरून द्यावे का? अमेरिकेत चालण्या-फिरण्यावर मर्यादा आलेल्या 65 वर्षांवरील पुरुषांना ते जेलच्या रूपात देऊन पाहिले, तेव्हा हृदयाच्या तक्रारी वाढल्याने ती चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. 2023 मधील ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत 45 ते 80 वयाचे पाच हजारांहून अधिक पुरुष होते. सर्वांची पातळी 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी होती आणि त्यांना हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका होता. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत 7.0 टक्के, तर औषधविरहित जेल लावणाऱ्यांत 7.3 टक्के होते. म्हणजे धोका वाढला नाही, पण हृदयाला संरक्षणही मिळाले नाही. शिवाय हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले.

लक्षणे असतील आणि सकाळी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दोन तपासण्यांत पातळी कमी आली, तरच उपचारांचा विचार होतो. उपचार सुरू असताना रक्ताची घनता आणि प्रोस्टेट यांवर लक्ष ठेवावे लागते. या औषधाने शुक्रजंतूंची निर्मिती मंदावत असल्याने मूल हवे असलेल्यांना ते देत नाहीत. व्यायामशाळेतल्या कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेणे तर धोक्याचेच. चाळिशीनंतर हृदय जपायचे असेल, तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी आणि नियमित व्यायाम करावा. वजन उतरले की टेस्टोस्टेरॉनही बऱ्याच जणांत आपोआप वाढते.